एकशे बारा घोड्यांचा अर्ज

शहाद्याहून पुरुषोत्तमनगरकडे निघालं की पपईच्या बागा लागतात. त्या बागांच्या मागच्या गावात प्रमिलाबाई पाटील राहतात. बारावी शिकलेल्या, सहा एकरांच्या धनीण, आणि साप चावू नये म्हणून झटणाऱ्या एका लहानशा संस्थेच्या एकुलत्या एक कारकून. आमच्या भागात मोठी माणसं पुष्कळ झाली. पण एका अर्जाने बावीस गावांची राखण करणारी ही एकच.

संस्था शेतकऱ्यांना गमबूट द्यायची, बॅटऱ्या द्यायची, चावल्यावर गाडी कशी बोलवायची ते शिकवायची. त्या कामाचा निधी मार्चअखेर संपत होता आणि नवा अर्ज पुण्याच्या देणगीदारांनी परत पाठवला होता. खाली दोनच वाक्यं : ‘वर्षाला अकरा दंश. गरज दिसत नाही.’

अकरा हा आकडा प्रमिलाबाईंनीच दवाखान्याच्या नोंदवहीतून उतरवला होता. शिक्क्याचा कागद तेवढा खरा, अशी त्यांची लहानपणापासूनची समजूत.

संस्थेचे प्रमुख नवनीतभाऊ म्हणाले, "काकू, आता एकदाच अर्ज करता येईल. नाहीतर कुलूप."

चावलेला माणूस आधी कुठे जातो, हे काय बाईंना ठाऊक नव्हतं? साप चावला तेव्हा स्वतःच्या सासूला त्यांनीच मंत्राने विष उतरवणाऱ्या वीरसिंग भगताकडे नेलं होतं. पण भगताचं नाव कागदावर घ्यायची लाज वाटे. ती लाज गुंडाळून त्या वीरसिंगबाबाच्या ठाण्यावर गेल्या. तिथे कडुनिंबाखाली मातीचे घोडे दाटीने उभे होते. साप चावलेला माणूस वाचला की त्याने एक घोडा वाहायचा, ही तिथली रीत.

"बाबा, हाऊ घोडा कोना?"

"भुरीबाईना." म्हातारा गालात हसला. "तुन्हा फारममा मन्हा घोडा मावतीन का, बाई?"

"मावाडसू मी!"

दहा दिवस त्या निंबाखाली बसल्या. कुणाचा घोडा, कोणतं गाव, चावा कुठे, काय करताना. मग घरोघर जाऊन एकेक नाव पडताळलं. तीन वर्षांचे एकशे बारा घोडे भरले. वही मिटताना वीरसिंगबाबाने त्यांचा हात धरला.

"नऊजण मरी ग्यात. त्यासना घोडा नही. त्यासले बी लिख."

बाईंनी तीही नावं लिहिली.

घरी तक्ता मांडला आणि त्या सुन्न झाल्या. एकशे एकवीस माणसांत चौऱ्याहत्तर बाया. चावा हाताला, वेळ दिवेलागणीची, काम एकच : चुलीसाठी गंजीतून पऱ्हाट्या ओढणं. कापूस निघाल्यावरची ती वाळकी झाडं दारादारात रचलेली, आणि साप त्यांच्या आत. बूट मात्र बाप्यांच्या पायात.

नवनीतभाऊ म्हणाले, "काकू, पुण्याच्या साहेबांना मातीचे घोडे दाखवायचे? वर आपलीच चूक लिहायची?"

"चूक नाही लिहिली तर उपाय कशावर लिहू, भाऊ?"

त्यांनी सगळं लिहिलं. बूट चुकले, हेही. गंजी घरापासून लांब, उंच माचीवर रचायची. पऱ्हाटी हाताने नाही, लोखंडी आकड्याच्या लांब काठीने ओढायची. आणि वीरसिंगबाबाचा शब्द त्याच्या अंगठ्यासह जोडला : "पहिले गाडी, मंग घोडा."

पुण्याचे लोक स्वतः आले. निंबाखाली वाकून त्यांनी वहीतली नावं एकेका घोड्याशी ताडून पाहिली. महिन्याभरात तीन वर्षांचा निधी मंजूर झाला.

पुरुषोत्तमनगरच्या लोहाराने दोन हजार आकडे घडवले आणि ते बावीस गावांत घरोघर वाटले गेले. आधी हाताला वर्षाकाठी पंचवीसेक चावे होत. त्या वर्षी चार झाले. चौघी गाडीने दवाखान्यात पोचल्या, चौघी घरी आल्या.

परवा नवापूरकडची तुळशीबाई दोन गाड्या बदलून आली. दारातूनच म्हणाली, "काकू, आमना गावले आकडा कव्हय देशात?"

प्रमिलाबाईंनी तिला पाणी दिलं, कोरी वही उघडली.

"देसू ना. पहिले सांग, कोले चावना, कोठे चावना, आनि तव्हय ती काय करी ऱ्हायंती?"