विधवांनी तोडलेली मोसंबी

सांगवीची आमची मोसंबीची बाग नवऱ्याने लावली, पण पहिली दोन वर्षे कलमांना कळशीने पाणी मीच घातले. पाटाच्या पाण्याची पाळी पंधरा-पंधरा दिवस येत नसे. पाचव्या वर्षी झाडांनी फळ धरले आणि त्याच पावसाळ्यात नवरा तापाने गेला. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची असेन. तेराव्यानंतर थोरल्या दिरांनी सासूबाईंकरवी निरोप दिला, की मी यापुढे बागेत पाय ठेवायचा नाही. विधवेची सावली पडली की फळ गळते, असे सगळेच मानत. ज्या झाडांची आळी मी हातांनी केली, त्यांना आता माझी सावली चालेना.

वर्षभर मी ऐकले. पुढच्या दिवाळीच्या सुमारास फळे पिवळी झाली आणि तोडणारे गडी नेमके गुऱ्हाळांवर निघून गेले. दीर चार गावे फिरून हात हलवत आले. झाडांखाली रोज फळांचा सडा पडत होता.

दीर परतल्यावर तिसऱ्या सकाळी मी खुंटीवरची कात्री घेतली. गावात माझ्यासारख्या आणखी दोघी होत्या, शेजारची म्हातारी आत्या आणि कुंभाराची सून. त्यांना म्हणाले, "चला, मोसंबी तोडायची हाय."

"तुझं दीर बांधावरनंच हाकलून देतील," कुंभाराची सून म्हणाली.

"देऊ द्यात. तवर एक झाड तरी व्हईल."

तीन झाडे झाली तेव्हा दीर आले. त्यांच्यासमोर मी तोवर कधी तोंड उघडले नव्हते.

"बाग बाटवलीस तू," ते म्हणाले.

"मी कळशीनं पाणी घालत हुते, तवा बाटली न्हाय ती?" पदर पुढे न ओढताच मी म्हणाले. "गडी मिळालं आसतील तर आणा. न्हायतर आमी हितनं हलायच्या न्हाय."

ते पाठ फिरवून घराकडे गेले. आम्ही चार दिवसांत बाग उतरवली. करंड्या बैलगाडीत भरून बारामतीच्या स्टेशनावर त्यांनीच नेल्या. फळ कोणी तोडले, हे मात्र त्यांनी व्यापाऱ्याला सांगितले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात झळा लागून अर्धी कोवळी फळे गळाली. गावाने बोट माझ्याकडे दाखवले. इंदापूरकडच्या बागांतून तर कोणी विधवा फिरकली नव्हती, तिथेही तेच झाले होते. ते कोणी बोलले नाही.

"बघितलंस?" दीर म्हणाले.

"बघितलं. ऱ्हायलेली तोडायला आमीच येणार."

आणि आम्ही गेलो. त्या वर्षी आम्ही चौघी होतो. चौथी माझी नणंद, कुंकू लावलेली, नवरा धडधाकट असलेली. आदल्या दिवशी ती माहेरी आली होती आणि कोणालाही न विचारता कात्री घेऊन माझ्या मागोमाग निघाली.