घराबरोबर आलेली सावड

जळगावातलं घर घेताना आमच्या ह्यांनी काय विचारायचं बाकी ठेवलं होतं, ते मला कोणी सांगावं! हे कचेरीत कारकून. दुसऱ्यांची खरेदीखतं वाचण्यात उमर गेलेली. मग स्वतःचं घर घेताना कागदाचा कीस काढला नाही तरच नवल. पूर्वेची भिंत कोणाची, मोरीचं पाणी कुठून जातं, धाब्याची पन्हाळ कोणाच्या अंगणात सांडते, विहिरीवर पाणी भरायचा हक्क आहे की शेजाऱ्यांची मेहेरबानी, सगळं विचारून झालं. दलाल उपरण्याने घाम पुशीत उत्तरं देत होता. तो कापसाच्या हंगामात कापूस विकायचा आणि एरवी घरं नाहीतर म्हशी. म्हशीबद्दल एवढे प्रश्न त्याला कोणी विचारले नव्हते, असं तो नंतर बोलून दाखवी. एवढं करून एक गोष्ट विचारायची राहिली, ती राहिलीच.

ही गोष्ट दुसरी जागतिक लढाई सुरू व्हायच्या आधीची. लग्न होऊन मी धुळ्याहून जळगावला आले ती भाड्याच्या खोल्यांत. एका घरमालकिणीला माझ्या पाट्या-वरवंट्याचा आवाज सोसेना. दुसरीला आमच्याकडे कोण येतं, किती वेळ बसतं आणि चहा पितं का, हे बघितल्याशिवाय अन्न गोड लागत नसे. तिसरीने भिंतीला खिळा मारायची बंदी केली होती, त्यामुळे ह्यांचा कोट कायम खुर्चीवर बसलेला आणि हे उभे. मला फार काही नको होतं. आपल्या भिंतीत खुंटी ठोकायला कोणाची परवानगी लागू नये, एवढं एकच मागणं होतं, आणि ते मी रोज दिवा लावताना देवाला सांगत असे.

घराला पैसे दिले सासूबाईंनी. धुळ्याला त्यांच्या नावावर एक मोकळी जागा होती, ती त्यांनी विकली. देताना अट मात्र घातली. "आखाजीला मी येऊन बघीन. मनास आलं तर ठेवू, नाहीतर विकू. पैसा माझा, तेव्हा शब्दही माझा." आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. आमच्या सासूबाई म्हणजे दिलेलं न विसरणारी आणि घेतलेलं तर त्याहूनही न विसरणारी बाई. कोणी वाटीभर साखर दिली, तर वाटी परत करताना तीत काहीतरी घालून, शिवाय वाटी घासून.

घर गल्लीच्या शेवटचं. मालकीण एक म्हातारी, सगळी गल्ली तिला अक्का म्हणे. मुलगा पारोळ्याला, त्याच्याकडे कायमची निघालेली. घर दाखवताना तिने माझे हात उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाली, "हात चांगला शेतस पोरीना." मला वाटलं, बाई मायाळू आहे. खत झालं, पाडव्याच्या मुहूर्तावर आम्ही राहायला गेलो, आणि त्या दिवशी मी इतक्या खुंट्या ठोकल्या की ह्यांनी विचारलं, "एवढे कपडे आहेत कुठे आपल्याकडे?"

आमच्या खानदेशातली ती धाब्याची घरं. मातीची सपाट छपरं एकमेकांना खेटून, मध्ये असला तर गुडघ्याएवढा कठडा. पुरुषमाणसं गल्लीतून जातात आणि बायका धाब्यावरून. पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी शेजारीण वरून हाका मारीत आली. "काय वं, कामं व्हयनात का? पोयपाट-लाटनं ली ये. आज आमना दिवस शे."

चैत्र म्हणजे पापडांचा महिना. मी हरखले. कालची आलेली मी, आणि मला बोलावणं! दिवसभर लाटले. उडदाच्या लाट्या तेलात बुडवून खाल्ल्या, गल्लीतल्या सगळ्या सासवांची गाऱ्हाणी ऐकली, माझंही एखादं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पलीकडचीने बोलावलं. तिसऱ्या दिवशी तिच्या पलीकडचीने. संध्याकाळी मनगटाला तेल चोळता चोळता मी ह्यांना म्हटलं, "केवढी प्रेमळ माणसं आहेत हो!" हे म्हणाले, "चांगला शेजार काही खतात लिहून मिळत नाही." बघा म्हणजे.

असे बरेच दिवस गेले. माझ्या डब्यात अजून एक पापड नव्हता. शेवटी एकीकडे लाटता लाटता मी सहज विचारलं, "आणि आमचे पापड कधी करायचे?"

सगळी लाटणी थांबली.

"तुमना? तुमना तं व्हई गयात," शेजारीण म्हणाली.

"कधी?"

"होळीले. आम्हीन बठ्ठीस्नी लाटात."

मग उलगडा झाला. त्या गल्लीत पापडांची सावड होती. आज माझ्याकडे तुम्ही सगळ्यांनी यायचं, मग तुमच्या प्रत्येकीकडे मी. शेजारणीच्या घरापासून सुरुवात, विहिरीपर्यंत जाऊन शेवटी आमचं. पण अक्काने, "माले पारोळाले जानं शे, मना दिवस पहिले ल्या," म्हणून होळीलाच आपले पापड सगळ्यांकडून लाटून घेतले, डबे भरले आणि ते घेऊन ती पारोळ्याला गेली. तिचं फेडायचं राहिलं, ते मी फेडत होते!

"अहो पण ते पापड अक्कांचे!" मी म्हटलं.

"अक्का गयी," शेजारीण शांतपणे म्हणाली. "घर तं आठेच शे ना?"

म्हणजे गल्लीच्या हिशेबी सावड माणसाची नव्हे, घराची. घर घेतलं की भिंती आल्या, पन्हाळ आली आणि पापडही आले. फक्त आमच्या बाबतीत पापड आले नाहीत, लाटणं तेवढं आलं.

मी घरी जाऊन लाटणं ह्यांच्या समोर आपटलं. "खतात आहे का हे? वाचा!" ह्यांनी चष्मा लावून खत खरोखरच वाचलं. "घर बिनबोजा असल्याचं तिने स्पष्ट लिहून दिलंय," म्हणाले. मग थोडा विचार करून, "पण पापडांचा बोजा सरकार धरत नाही." त्या दिवशी मी भाजीत मीठ घातलं नाही. त्यांनी मुकाट्याने खाल्ली, यावरून चूक कळली असावी.

नाही म्हणायची सोय नव्हती. नव्या घरात गल्लीशी वाकडं घेऊन नांदायचं कसं? मी उरलेल्या घरी लाटून दिले. तोवर आखाजी उंबऱ्याशी आली. आखाजीला पितरांची घागर भरायची, पानात पुरणाची पोळी, आंब्याचा रस, आणि कुरडई-पापड घरचे हवेत. सासूबाई येणार, घराचा न्याय होणार, आणि माझे डबे रिकामे. मला रात्रंदिवस भिंतीतल्या खुंट्या दिसू लागल्या.

सासूबाई आल्या. भिंती टकटक करून बघितल्या, विहिरीचं पाणी तोंडात घोळवलं, भर दुपारी माजघरात जमिनीवर आडव्या होऊन गारवा बघितला. चांगलं म्हणाल्या नाहीत, वाईटही नाही. मग म्हणाल्या, "सूनबाई, पापडांचा डबा बघू."

मी खाली मान घालून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "म्हणजे पापड खाणार पारोळ्याची म्हातारी, आणि फेडणार माझी सून? असलं घर ठेवायचं नाही." योग असा की त्याच आठवड्यात दलाल येऊन गेला होता. कापूसबाजारातल्या एका व्यापाऱ्याला आमचं घर हवं होतं, आम्ही घेतलं त्याहून चढ्या भावाने. सासूबाईंनी निरोप धाडला, आखाजी झाली की ये. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, कारण बाहेर रडलेलं त्यांना खपलं नसतं.

नैवेद्यापुरते पापड-कुरडया शेजारणीने न मागता धाब्यावरून आणून दिल्या. पितरांचं काम, नको म्हणता येईना. पण सासूबाईंना ते घेतलेलं टोचत राहिलं. सण झाला तशी गल्लीत जोंधळ्याच्या बिबड्यांची सावड सुरू झाली. चुलीवर मोठ्या पातेल्यात घाटं शिजवायचं, ओल्या फडक्यावर थापायचं आणि धाब्यावर पसरलेल्या लुगड्यांवर वाळत टाकायचं. सासूबाई लुगडं खोचून म्हणाल्या, "त्या बाईचे पापड खाल्लेत. जायच्या आधी एक दिवस जाऊन थापून येते."

एक दिवस गेल्या आणि सुटल्या नाहीत. तिथे त्यांना कळलं, की ह्या गल्लीला जिऱ्याचा अंदाज नाही, तिळाचा तर नाहीच. दुसऱ्या दिवशी ते शिकवायला गेल्या. तिसऱ्या दिवशी, शिकवलेलं कोण कसं करतं ते बघायला. बायका त्यांना भीत आणि "धुयावाली माय" म्हणत. धुळ्याला त्यांना कोणी माय म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. उन्हात तांबड्यालाल होऊन घरी येत आणि मला म्हणत, "तुझ्या शेजारणीचा हात जड आहे हो," जणू शेजारीण माझी एकटीचीच होती.

बिबड्या घराघराने सरकत आमच्यापर्यंत आल्या, आणि नेमका दलाल विसाराचे पैसे घेऊन दारात. सासूबाई धाब्यावर होत्या. त्यांनी वरूनच विचारलं, "आज घर दिलं, तर आमच्या बिबड्यांचं काय?"

दलाल गल्लीचाच माणूस, त्याला विचार करावा लागला नाही. "सावड घरनी शे ना माय. जो घर ली, त्यान्या बिबड्या."

"म्हणजे थापायचं आम्ही आणि खायच्या त्या व्यापाऱ्याच्या बायकोने?" सासूबाईंचा आवाज विहिरीपर्यंत गेला असेल. "आयत्या पिठावर रेघोट्या! बिबड्या झाल्या की ये."

तो बिबड्या झाल्यावर आला. तोवर शेवयांची सावड लागली होती, आणि उलट्या बाजूने सुरुवात म्हणून आमचा दिवस पहिला येऊन गेलेला. आता आमच्याकडे सगळ्या गल्लीचं फेडायचं होतं. "फेडल्याशिवाय जायला मी काय पारोळ्याची आहे?" सासूबाई म्हणाल्या. शेवया फेडून होतात न होतात तो धाब्यांवर पावसाआधी पांढरी माती टाकायला लागली, त्यातही सावड. येणं असताना त्यांना विकवत नव्हतं, आणि देणं असताना विकणं त्यांना शोभत नव्हतं. हिशेब कधी चुकता होईना. दोन्ही बाजू सारख्या झाल्याचा एक दिवस जरी उजाडला असता, तरी त्यांनी घर विकलं असतं, असं त्या शेवटपर्यंत सांगत. मी मान हलवी. व्यापाऱ्याने कंटाळून दुसरीकडे घर घेतलं.

पुढच्या वर्षी अक्का पारोळ्याहून भेटायला आली. मी म्हटलं, आता काही खरं नाही. सासूबाईंनी तिला पाट दिला, पाणी दिलं, ख्यालीखुशाली विचारली आणि तिच्यापुढे पोळपाट-लाटणं ठेवलं. "बोलता बोलता होऊन जातील." अक्का मुक्काम संपेपर्यंत लाटत होती. जाताना मला म्हणाली, "मी तुले देनं ठेई गयू म्हनीसन तू बठ्ठास्ना घरमा गयी. नहीतं बठी ऱ्हायती कडी लाईसन." शहाणपणाचं वाटतं ऐकायला. माझं अजूनही मत आहे की तिला फक्त पापड हवे होते.

सासूबाई धुळ्याला परत गेल्याच नाहीत. लढाईची वर्षं त्यांनी त्याच धाब्यावर काढली. दलाल दर उन्हाळ्यात येई. भाव चढत होते. त्या वरून ओरडत, "अजून येणं आहे!" किंवा "अजून देणं आहे!" आणि तो खालूनच हसून जाई. मग एका माघात त्या गेल्या. मला त्यांचा राग येत असे, भीतीही वाटत असे, आणि त्या गेल्यावर घर इतकं मोठं झालं की मला त्यात काय करावं ते सुचेना.

दुखवट्याच्या वर्षी घरात पापड करत नाहीत. चैत्र लागला, वर सगळीकडे लाटण्यांचे आवाज, आणि मी खाली दार लावून बसलेली. पण ज्या घरचा दिवस होई, त्या घरची बाई संध्याकाळी धाब्यावरून उतरून एक चवड ठेवून जाई. कोणाचे पापड पातळ, कोणाचे जाड, कोणाचे वेडेवाकडे. जिरं मात्र सगळ्यांत सासूबाईंच्या अंदाजाने पडलेलं. माझा डबा कधी नव्हे तो काठोकाठ भरला.

पुढच्या चैत्रात दलाल आला. मी पोळपाट काखेत मारून धाब्यावर निघाले होते. त्याने खालून अदबीने विचारलं, "बाई, आते तं माय नही. दी टाकतस का घर?"

"देणं आहे," मी म्हटलं.

"कोनं?"

मी गल्लीच्या टोकापर्यंतच्या सगळ्या धाब्यांकडे बघितलं. "सगळ्यांचं," म्हटलं, आणि कठडा ओलांडून शेजारी गेले. त्या दिवशी त्यांचा दिवस होता.