वहिनीची लाथ

कारखान्याच्या टेस्टिंग खोलीत तिला सगळे वहिनीच म्हणत, कारण तिचा सख्खा धाकटा दीर तिथेच तिच्या हाताखाली होता. वीज बदलून देणाऱ्या मोठमोठ्या कन्व्हर्टरमधून धावणारा करंट मोजणं हे तिचं काम, आणि राग कायम नाकावर. चाचणीत त्यातला एखादा भाग, म्हणजे मॉड्यूल, बार उडाल्यासारखं फुटायचं, तुकडे भोवतीच्या लोखंडी जाळीवर आदळायचे, अन् वहिनी शिव्या हासडत दुसरं बसवायला घ्यायची.

त्या दिवशी नेहमीचा सेन्सर जळाला होता, म्हणून तिने तांब्याच्या पट्टीभोवती मोजणीचं वेटोळं अडकवलं. बदलता करंट ते चोख मोजतं. एकसारखा वाहू लागला की ते आंधळं. दिराला तिने हे बजावलं होतं. त्याने या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं.

करंट हजार अँपिअरवर जाऊन स्थिरावला. पडद्यावरची रेघ उसळली आणि खाली येऊन शून्यावर टेकली.

"वहिनी, करंट गेला. बोल्ट काढतो," म्हणत दीर पाना घेऊन जाळीत घुसला. जाळीचं दार उघडताच वीज तोडणारा स्विच त्यानेच कंटाळून तारेने बांधून ठेवला होता.

वहिनीने धावत जाऊन त्याच्या बरगडीत लाथ घातली. तो भेलकांडला, जबडा लोखंडी चौकटीवर आपटला, दात तुटले. पण बोल्ट सैल झालाच होता. सांधा उघडला, पांढरा जाळ फुटला आणि वितळलेलं तांबं तिच्या दोन्ही हातांवर उडालं. कातडी चरचरली. तिने कोपरानेच वीज बंद करणारं लाल बटण दाबलं.

दवाखान्यात सासू तरातरा आली. सुनेने दिराला मारलं, एवढंच तिच्या कानावर गेलं होतं.

"माझ्या पोरावर हात टाकलास?"

"हात नाही, लाथ," वहिनी म्हणाली. "बरा झाला की अजून एक घालणार आहे."

सासूचा पारा चढला. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून दीर सुजल्या तोंडाने कसाबसा बोलला, "आई, चूक माझी. तिने लाथ घातली नसती तर माझा कोळसा झाला असता."

सासूने पिशवी खाली ठेवली आणि मुलाच्या धड गालावर सणसणीत वाजवली. मग ती सुनेच्या उशाशी बसली. पट्ट्यांत गुंडाळलेल्या त्या हातांकडे तिला धड बघवेना. मुलासाठी आणलेलं सूप तिने चमच्याने सुनेच्या ओठांशी नेलं. वहिनीला एकदम रडूच कोसळलं.

"आधी गीळ," सासू म्हणाली. "मग रड."