पाणी परत टाकीत

झाकण हातात आलं की तो आधी अंगठ्याचं नख त्याच्या कडेवरून फिरवायचा आणि म्हणायचा, "दिसायला लई चांगलं हाय. बसंल का?"

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. आमच्या कारखान्यात माठांची प्लॅस्टिकची झाकणं निघायची. मी स्टोअर सांभाळायचो, तो डायमिस्त्री. डाय म्हणजे पोलादी साचा. असा चिकित्सक माणूस तुम्हीही पाहिला असेल. बायकोच्या भाकरीलाही तो "कड जाड झाली" म्हणायचा आणि शेवटच्या तुकड्यापर्यंत खायचा.

आमची निम्मी झाकणं पापडासारखी वाकायची. साचा गार करायला त्यातून पाणी फिरवत, पण ते कडेपर्यंत पोचत नसे. तेच कोमट पाणी मागच्या भिंतीबाहेर पाइपातून पडायचं. त्या वर्षी दुष्काळ होता, वस्तीतल्या बाया तिथं घागरी लावायच्या. त्याची बायकोही त्यांच्यात असायची.

"शेट, पाण्याच्या वाटा कडेकडेनं काढतो," तो एकदा म्हणाला. "निम्म्या पाण्यात काम होतंय."

बोअरचं पाणी खाली चाललं होतं, शेटना हेच हवं होतं. आठ दिवस तो नव्या डायच्या पोलादाला भोकं पाडत बसला. पहिलं झाकण माठावर चपखल बसलं तेव्हा मी त्याला मिठीच मारली. एवढ्याशा पाण्याला शेटनी पाइप जोडला आणि ते परत टाकीत वळवलं. तो पाइप मीच स्टोअरमधून काढून दिला. मिस्त्रीच्या किंवा माझ्या, एकाच्याही डोक्यात घागरी आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाया फाटकाशी आल्या. "मिस्त्री, शेटला सांगा की. तुमचं ऐकतेत ते."

त्याची बायको रिकामी घागर कडेवर घेऊन मागे उभी होती. तो तिच्याकडे बघेना.

आत येऊन तो शेटना म्हणाला, "जुनी डाय चढवा."

"येडा झालास का? आता कुठं माल सरळ येऊन राहिला!"

आठवड्याभरात तो बायकापोरं घेऊन किनवटकडे सासुरवाडीला निघून गेला. मलाही सांगितलं नाही. मला त्याचा राग आला, त्याहून जास्त माझा आला.

बाया पुढे महिनाभर फाटकाशी येत राहिल्या. "मिस्त्री असते तर शेटला बोलले असते," म्हणायच्या.

मी "व्हय" म्हणायचो.