मोडीचा तास

मी मूळची सांगलीची. सातारा जिल्ह्याच्या स्कूल बोर्डात नोकरी धरली आणि पहिल्याच नेमणुकीला लोणंदला जाऊन पडले. लढाई सुरू होऊन दोनेक वर्षं झाली होती. मुलींची शाळा म्हणजे कांद्याच्या वखारीमागच्या दोन खोल्या आणि चारही इयत्तांना मिळून मी एकटी. एका खोलीत पहिली-दुसरीच्या मुली पाढे म्हणायच्या, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथीच्या शुद्धलेखन लिहायच्या, आणि मी मधल्या उंबऱ्यावर उभी राहून दोन्हीकडे ओरडायची. बोर्डाचे साहेब वर्षातून एकदा तपासणीला यायचे, वखारीच्या वासानं नाकाला रुमाल लावायचे आणि ‘मुलींची संख्या वाढवावी’ असा शेरा मारून जायचे. कशी वाढवावी, ते त्यांनी कधी लिहिलं नाही. माझा स्वभाव मुळातच तापट. त्या शेऱ्यांनी तो आणखी तापला.

एक दिवस एक बाई आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलीला हाताला धरून शाळेत आली. नवरा फौजेत होता. स्टेशनाच्या अलीकडे त्यांची थोडी जमीन होती आणि जमिनीतच घर. नवऱ्याला लिहिता येत नव्हतं. पलटणीतलं कुणीतरी त्याची पत्रं लिहून द्यायचं, आणि ही ती पोस्टमनकडून वाचून घ्यायची. एका पत्रात त्यानं बायकोच्या नाजूक दुखण्याची चौकशी केली होती. चार दिवसांत बाजारात भेटेल ती बाई हिला त्या दुखण्यावर औषध सांगायला लागली. तेव्हापासून हिनं ठरवून टाकलं होतं की घरचं पत्र बाहेरच्या पुरुषाच्या हातात द्यायचं नाही.

“बाई, हिला पत्र वाचाय शिकवा,” ती म्हणाली. “वाचाय आलं की मी घरी न्हेनार. कांद्याचं काम एकटीला उरकत न्हाई.”

“आणि तोवर?”

“तोवर तुमी वाचा. तुमी बाजारात कुनाशी बोलत न्हाई, मी बघितलंय.”

कुणाशी न बोलण्याबद्दल मला मिळालेलं ते पहिलं आणि शेवटचं प्रशस्तिपत्र.

मुलगी भलतीच तल्लख निघाली. पहिलीची अक्षरं तिनं दिवाळीच्या आत संपवली. पुड्याचा कागद, आगपेटी, स्टेशनावरची पाटी, दिसेल ते वाचायची. वाचून झालं की त्यावर प्रश्न विचारायची, आणि ते प्रश्न असे की मला रात्री विचार करून सकाळी उत्तर द्यावं लागे. दीड वर्षात ती तिसरीत येऊन बसली. बाकीच्या मुलींवर माझा राग नव्हता, पण त्या वर्गात मी शिकवत होते ती खरं म्हणजे तिच्या एकटीसाठी. हिला चौथी पास करायची, मग मुलांच्या मोठ्या शाळेत घालायची, सातवीच्या फायनल परीक्षेला बसवायची, असा सगळा बेत मी मनाशी रचला होता. तिच्या आईला त्यातलं काही सांगितलं नव्हतं.

अडचण एकच होती. तिच्या वडलांची पत्रं यायची ती मोडीत. आम्ही मुलांना आधी बाळबोध शिकवायचो, म्हणजे पुस्तकात छापतात ती अक्षरं. मोडी ही हातानं भरभर लिहायची लिपी, सगळी अक्षरं एकमेकांत अडकलेली. ती नंतर यायची. मोडीचा तास नक्की कधी सुरू करायचा, हे आमच्या शाळेत माझ्या मर्जीवर होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या मर्जीवर असलेली ती बहुतेक एकच गोष्ट.

“बाई, मोडी कवा?” ती विचारायची.

“चौथीत.”

“आत्ता का न्हाई?”

“मी म्हणते म्हणून.”

मोडीचे कित्ते कपाटात पडून होते. काढले असते तर ती चुटकीसरशी शिकली असती, हे मला ठाऊक होतं, आणि शिकली की दुसऱ्या दिवशी कांद्याच्या वाफ्यात बसली असती, हेही ठाऊक होतं. आई पत्र घेऊन आली की मी वाचून दाखवायची. “हिला अजून येत न्हाई व्हय?” असं ती विचारायची, आणि मी तोंड वर करून सांगायची, “मोडी अवघड असते.” मी तिच्या भल्यासाठीच करते आहे, याविषयी मला तिळभर शंका नव्हती.

त्या वर्षी हिवाळा सरता सरता बोर्डानं हजेरीपटाचे नवे नमुने काढले आणि ते कसे भरायचे हे समजावून द्यायला आम्हा सगळ्या बायांना साताऱ्याला बोलावलं. शाळेला कुलूप लावून मी बुधवारी गेले. कोणत्या रकान्यात काय लिहायचं, हे दोन दिवस ऐकून शनिवारी दुपारी परत आले, तर त्या मायलेकी शाळेच्या पायरीवर बसलेल्या. आईच्या हातात पाकीट होतं, फोडलेलं.

“गुरुवारी आलंय,” ती म्हणाली. “तुमची वाट बघत व्हतो.”

मी उभ्या उभ्याच वाचायला घेतलं. पलटण पुण्याला आली आहे. शुक्रवारी दुपारच्या गाडीनं मिरजेकडे निघतो आहोत, पुढे कुठे ते सांगत नाहीत. लोणंदला इंजिन पाणी घेतं, तेवढा वेळ खाली उतरू देतील. पोरीला घेऊन स्टेशनावर ये. केवढी झाली आहे ते एकदा बघू दे.

शुक्रवार काल होऊन गेला होता. मी मध्येच थांबले.

“फुडं?” आई म्हणाली. पुढचंही मी वाचलं. प्रकृतीची चौकशी आणि नमस्कार, एवढंच होतं.

तिनं माझ्या हातातून पत्र घेऊन पाकिटात घातलं. मग म्हणाली, “काल गाडी लय येळ थांबली व्हती. आमी कांदं काढत व्हतो. बांधावरनं दिसत व्हती. शिपाई लोक हात करत व्हते. हिनं बी केला.”

“मला त्यातलं लोणंद लागलं व्हतं,” मुलगी म्हणाली. “आई म्हनली, गावाचं नाव असतंयच पत्रात.”

आणि मी काय करावं? मी आईवर संतापले. “अहो, एवढं काय अडलं होतं पोस्टमनला विचारायला? एक दिवस विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?” असं बरंच काही बोलले. तिनं मान खाली घातली. “चुकलं बाई,” म्हणाली. चूक कुणाची होती हे त्या पायरीवर फक्त मला माहीत होतं. मला लाज वाटली, आजही वाटते, पण तेव्हा माझ्या तोंडून निघाला तो रागच.

सोमवारी मी मोडीचा तास सुरू केला. पुढच्या महिन्यात तिनं वडलांना आपल्या हातानं पत्र लिहिलं. त्यांची आणखी दोन पत्रं आली म्हणे, ती घरातच वाचली गेली. त्यात काय होतं ते मला कधी कळलं नाही. कांदा निघाला, आता पुढच्या लागणीला हिला घरी नेईन, असं आई म्हणाली होती. मग पावसाळ्यात सरकारी कागद आला, इंग्रजीतला. तो काही मलाही वाचता येईना. स्टेशनमास्तरांनी वाचला. ब्रह्मदेशाच्या बाजूला कुठेतरी मुलीचे वडील लढाईत कामी आले होते.

महिन्याभरानं आई शाळेत आली. मला वाटलं, मुलीचं नाव शाळेतून काढायला आली. पांढऱ्या कपाळानं ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “राहू द्या हिला शाळंत. आता पत्रं येनार न्हाईत. कांद्याचं मी बघंन, घरी बसून तरी काय करंल?”

मला हवं होतं ते सगळं मग माझ्या मनासारखं झालं. ती चौथीत पहिली आली, मोठ्या शाळेत मुलांच्या रांगेशेजारी वेगळ्या बस्करावर बसली, फायनल पास झाली. स्वातंत्र्य मिळून थोडेच दिवस झाले होते. साताऱ्याला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला नंबर लागला, त्याच्या आदल्या दिवशी ती मला सांगायला आली. आता ती माझ्याएवढी उंच झाली होती आणि शहरी बोलायचा प्रयत्न करत होती. तिथली बोर्डिंग कशी आहे, पातळं किती न्यावीत, असं सगळं विचारून झालं. निघताना उंबऱ्यापाशी थांबली.

“बाई, मला मोडी यायला सतरा दिवस लागले,” ती म्हणाली. “मी मोजले होते.”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी काही बोलते का याची थोडा वेळ वाट पाहिली. मग वाकून माझ्या पाया पडली.

तिला सगळं सांगून टाकायची तीच वेळ होती. मी म्हणाले, “अक्षर जप.”