गास्पारचे पिवळे हातमोजे

कोल्हापूर सोडलं ते गिऱ्हाइकाच्या गाडीतून. बाबांचं शाहूपुरीत गॅरेज, पण स्वतःची गाडी कायम जॅकवर. शेवटी एक गिऱ्हाईकच म्हणालं, "मिस्त्री, माझी गाडी घेऊन लेकीला मुंबईला विमानतळावर सोडून या, ट्रायल पण होऊन जाईल." झालं! मागं आई आणि मी एकमेकींच्या गळ्यात पडून रडतोय, आणि बाबा पुढं कान टवकारून इंजिन ऐकतायत. साताऱ्याच्या पुढं तर चक्क गाडी बाजूला घेऊन त्यांनी बॉनेट उघडलं. इतका राग आला होता म्हणून सांगू! त्या माणसाला आमच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून तो बॉनेटमध्ये तोंड घालून उभा होता, हे मला मेलबर्नला आल्यावर बऱ्याच वर्षांनी उमगलं.

इथं युनिव्हर्सिटी झाली, कायमचं राहायचा पीआर मिळाला, आणि आता मी मेलबर्नजवळच्या डँडेनॉन्गमधल्या एका रेसिंग टीमच्या वर्कशॉपमध्ये डेटा इंजिनिअर आहे. ड्रायव्हरनं ब्रेक कुठं दाबला, स्टेअरिंग किती वळवलं, ते सगळं गाडीतून माझ्या स्क्रीनवर येतं. आई शेजारणींना सांगते, "आमची मंजिरी गाड्यांचं कॉम्प्युटरवर बघते." बरोबरच आहे की.

आमचा ड्रायव्हर होता गास्पार, फ्रेंच, चाळिशीला टेकलेला. मला नसत्या चौकशांची भारी खोड, त्यामुळं त्याची सगळी कुंडली मी कॉफी पिता पिता काढून घेतली. लहानपणी वडील त्याला व्हॅनमधून गो-कार्टच्या रेसना न्यायचे. तेराव्या वर्षी रेसिंग शिकवणाऱ्या एका होस्टेलवर गेला, तो गेलाच. मग छोट्या फॉर्म्युला गाड्या. मग एका बड्या टीमचा टेस्ट ड्रायव्हर, म्हणजे वर्षभर गाडी यानं तयार करायची आणि रविवारी चालवायची दुसऱ्यानं. मग रात्रंदिवस चालणाऱ्या लांब पल्ल्याच्या रेस, मग जपान, आणि मग आमच्याकडं. मी विचारलं, "पण तुझं घर कुठंय?" तर म्हणाला, "टॅक्स कुठं भरतो ते विचारतेयस का?" फ्रान्समधल्या एका खेड्यात त्याची आई एकटी असते. ख्रिसमसला तो तिच्याकडं उभ्या उभ्या जाऊन यायचा.

मला त्याचं फार नवल वाटायचं. घर सोडल्याचं दुःख आपण सगळे इथं पॉटलकला, गणपतीला, जिथं तिथं उगाळत बसतो. हा गडी आपल्यापेक्षा कितीतरी लहान वयात निघाला आणि चकार शब्द बोलत नाही. मला वाटायचं, याला जमलंय, आपल्यालाच जमत नाही.

गेल्या हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जुलैत, त्याचा अपघात झाला. गाडीचा चक्काचूर, हा मात्र कपडे झटकत बाहेर आला. पण त्यानंतर लांब डाव्या वळणांवर तो आधीच ब्रेक लावायला लागला. माझ्या स्क्रीनवर ते स्पष्ट दिसायचं, पण कारण काही कळेना. आमचा बॉस ग्रेग म्हणायचा, "वय झालं त्याचं, मेट." ऑक्टोबरच्या मोठ्या रेसमध्ये नीट चालवली तरच पुढच्या वर्षी त्याला गाडी मिळणार, नाहीतर करिअर संपलं. हे त्यालाही ठाऊक होतं, आम्हालाही.

त्या रेसआधीची आमची टेस्ट नेमकी खंडेनवमीला आली. बाबांच्या गॅरेजात त्या दिवशी पान्हे रॉकेलनं धुऊन पाटावर मांडतात, हळदीकुंकू वाहतात, आणि मग दसऱ्यापर्यंत कोणी हत्याराला हात लावत नाही. इथं ती चैन कुठली? मी दरवर्षी लॅपटॉपला गुपचूप कुंकू लावते नि काम सुरू करते. या वेळी मात्र गास्पारची काळजी वाटली. कोणी यायच्या आत गाडीत वाकले आणि स्टेअरिंगवर, दोन्ही हातांच्या पकडीच्या जागी, बाबा ओढायचे तशी ओल्या हळदीची बोटं ओढली. हात जोडून झाल्यावर पुसणार होते. तेवढ्यात ग्रेगनं हाक मारली, आणि राहिलं ते राहिलंच.

गास्पार उतरला तो पांढरे हातमोजे पिवळे करून! मेकॅनिक पोरं खो खो हसतायत, "मंजू, करी सांडलीस काय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोजे धुऊन आणते म्हणून मी ते घेऊन बेसिनपाशी पळाले. नळ सोडला, आणि तशीच थांबले. डाव्या मोज्याची सगळी बोटं पिवळी. उजव्याचा अंगठा नि शेजारची दोन बोटं पिवळी, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पांढरंशुभ्र. त्या दोन बोटांनी त्यानं स्टेअरिंग धरलंच नव्हतं. म्हणूनच लांब डाव्या वळणांवर, जिथं उजव्या हातावर जोर येतो, तो आधीच ब्रेक लावत होता.

मोजे न धुताच त्याच्यापुढं ठेवले. त्यानं उजवा मोजा उचलून ती दोन पांढरी बोटं चिमटीत धरली. मग म्हणाला, "अपघातापासून ती दोन बोटं बधिर आहेत. आणखी कोणाला माहितीय?"

"कोणाला नाही."

"मग धुऊन टाक ना, मंजू. एवढी एकच रेस."

धुवायला किती वेळ लागणार होता? नुसतं पाणीच तर सोडायचं होतं. पण दुरुस्तीला आलेल्या गाडीचा आवाज जरा वेगळा लागला, की बाबा गिऱ्हाइकाला नेहमी सांगायचे, "गाडी आधी सांगती. ऐकू आल्यावर बहिऱ्याचं सोंग घ्यायचं नाही." मी गास्पारला म्हटलं, "ग्रेगला तू सांग. तू नाही सांगितलंस तर मला सांगावं लागेल." तो फ्रेंचमध्ये काहीतरी पुटपुटला, नक्कीच शिवी होती. मोजे उचलून तो ग्रेगच्या केबिनमध्ये गेला. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. मोठी रेस दुसऱ्यानंच चालवली.

डॉक्टर म्हणाले, बोटांची नस थोडीफार बरी होईल, पण पकड पहिल्यासारखी येणार नाही, रेसिंग आता विसरा. एअरपोर्टला त्याला मीच सोडलं. गाडीत मला चोरट्यासारखं वाटत होतं, पण तो रागावलेला नव्हता. सामान उतरवताना त्यानं मला अगदी मनापासून विचारलं, "मंजू, घरी गेल्यावर लोक पहिल्या दिवशी करतात काय?" मी म्हटलं, "झोपतात. आईच्या हातचं खातात." "आणि आठवडाभरानंतर?" आठवडाभरानंतर माझी स्वतःचीच परतीची बॅग भरायला काढलेली असते.

परवा आर्व्होला, म्हणजे इथल्या दुपारी, त्याचा व्हिडिओ कॉल आला. गडी भलताच खूष! म्हणाला, "सुरुवातीला आईनं नुसते लाड केले. चांगल्या कपबशा काढल्या, मला कशाला हात लावू देईना. मला कोणाच्या तरी घरी राहायला आल्यासारखं वाटायचं. काल मी चिखलाचे बूट घालून स्वयंपाकघरात गेलो, तर अशी झापली, अशी झापली! म्हणाली, हे काय हॉटेल आहे?" सांगताना पोरासारखा हसत होता.

मीही हसले, फोन ठेवला, आणि आठवायला लागले. आई मला शेवटची कधी रागावली? ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलेलं आठवतं, पण ते कॉलेजात असताना. इथं आल्यापासून एकदाही नाही. मी गेले की नवा टॉवेल निघतो, तो मी कुठंही टाकला तरी ती निमूट उचलते. मला वाटायचं, आईचा स्वभाव निवळला.

लगेच तिला फोन लावला. म्हटलं, "आई, डिसेंबरमध्ये येतेय. या वेळी मला जरा रागाव की गं."

आई हसली. "वेडी कुठली! चार दिवसांसाठी आलेल्या माणसाला कोण रागावतं होय?"