मेलेल्यांची नेमणूक

माझी बहीण गेली तेव्हा तिची पोर सहा वर्षांची. बाप आधीच पळालेला. इथं इस्रायलात कोर्टानं पोर आमच्या आईकडे दिली, पण म्हातारी एकटी म्हणून वरती देखरेखीला घरातली तीन माणसं बसवली. माझा काका, थोरला मेव्हणा आणि तिसरा मी. जागा भरायला दगडपण चालतो. दर सहा महिन्यांनी सरकारी ऑफिसात जायचं, पोर बरी आहे म्हणायचं, सही करायची. माझी सही दर वेळी वेगळी यायची.

एका वर्षात काका गेला, मागोमाग मेव्हणा. आई म्हणाली, "दोन माणसं दे लवकर. नायतर पोरीला उचलून होस्टेलात टाकतील."

"दोन काय, वीस देतो."

"तू नको तोंड घालू. बायकोला फोन करायला सांग."

बायको ड्युटीवर. दोघे आतेभाऊ तयार होते, मग म्हटलं त्यात काय एवढं. किर्यात गात गावातल्या माझ्या फॅक्टरीतनं फोन लावला, मागं मशीन चालू. ऑफिसातली बाई नवीन, भरभर हिब्रू बोलायची. त्या दोन जागांवर कोण 'मतीम', तिनं विचारलं. मतीम म्हणजे योग्य. मी ऐकलं 'मेतीम', म्हणजे मेलेले. मला वाटलं, कोण वारलं ते लिहून घेते. मी काकाचं नाव सांगितलं, मेव्हण्याचं सांगितलं. तीपण आमची घरातली हाक मारायची नावं. कागदावर त्यांची हिब्रू नावं होती, म्हणून बाईला वाटलं नवीन माणसं. तिनं पत्ते मागितले, तेपण दिले. मयताचा पत्ता कशाला, हे विचारायला डोकं लागतं.

नवीन नेमणुकीच्या बैठकीची पत्रं दोघांच्या विधवांकडे गेली. त्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनी ती कपाटात ठेवली. माझ्या घरी पत्र आलं ते मी बिल समजून बाजूला टाकलं. बैठकीला कोणीच नाही. घरच्यांना पोर नको, असं लिहून तिला होस्टेलात नेलं.

त्या रात्री आईनं पोरीचं ताट मांडलं आणि परत उचलून ठेवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आतेभावांना घेऊन परत अर्ज केला. वर्ष गेलं. पोर तिकडे रमली, आता हलवू नका, असं उत्तर आलं.

आई शुक्रवारी दोन बस बदलून डबा घेऊन जायची. मी बरोबर. पहिल्यांदा पोर रडायची. पुढं मराठी सोडून हिब्रूतच बोलायला लागली.

"काय म्हणते रे?" आईनं विचारलं.

"म्हणते, डबा झकास झालाय."

पोरीनं विचारलं होतं, तुमची परतीची बस कितीला आहे.